बीडची गाडी घरात आणा

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. आमच्याकडच्या मुलांना त्या गाडीचे मोठे अप्रूप आहे. ती गाडी आता घरातही आणा, असे मी म्हणतो.

पुठ्ठ्याचा डबा करा. प्रमाण १:८७ घ्या. जगभरचे छांदिष्ट बहुधा हेच घेतात. २४ मीटरचा डबा सुमारे साडेसत्तावीस सेंटिमीटरचा होईल. आणि वजन? ४० टनांचा डबा ८७ पट हलका होईल, असे वर्गात हमखास उत्तर येते. चूक! लांबी, रुंदी, उंची तिन्ही घटतात. म्हणून वजन ८७ च्या घनाने, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटींनी घटते. उरतात अवघे ६१ ग्रॅम! एवढा हलका डबा रुळाच्या जोडावरील बारीकशा उंचवट्यानेही घसरतो. तळाशी लोखंडी वायसर चिकटवा आणि फरक पाहा.

शेजाऱ्याच्या प्रयोगवहीतून वाचने उतरवून हे कळत नाही. सूत्र घडाघड म्हणणाऱ्या मुलांना विद्युतमंडलातला ढिला जोड सापडत नाही. यात दोष आम्हा शिक्षकांचाच अधिक.

'दहावीनंतर पाहू,' असे पालक म्हणतील. पण भाऊसाहेब जोशी यांनी वर्षानुवर्षे जोपासलेल्या याच छंदातून पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभे राहिले. सहलीत शनिवारवाडा पाहताच की. तेथेही जा, आणि गाड्यांपेक्षा सांधे व सिग्नल निरखा.

तयार इंजिन महाग असते, हे खरे. ते सावकाश घ्या. बांबूच्या कामट्यांच्या रुळांवर, उतारावरून डबा सोडायला इंजिन लागत नाही.