खर्रा लपवू नका

पुतण्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही. तरी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "खर्रा? छे!" खाप्याच्या पानठेल्यावर त्याला रोज पाहणारा मी गुरुजी, शेजारी गप्प!

सुपारीनं गालाच्या आतल्या कातडीखाली तंतूंचा थर साचतो. मुंबईच्या डॉ. जोशींनी १९५३ साली त्याला 'सबम्युकस फायब्रोसिस' म्हटलं. कॅन्सर आत घुसला की त्याच्याभोवतीही नवे तंतू तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही गुलाबीच. कॅन्सरमध्ये मात्र तंतूंत पेशींची बेटं दिसतात. तुकडा लहान असेल तर ओळखणं कठीण. तपासणाऱ्यानं पेशंट पाहिलेला नसतो, त्याच्याजवळ काचपट्टी आणि फॉर्मवरच्या दोन ओळी. त्यातली एक आम्हीच खोटी लिहवली.

दुसऱ्या दिवशी फोन करून खरं सांगितलं. रिपोर्ट यायचा आहे. मंडळी, लाज घरी ठेवून जा.