नासर यांचा वारसा

थोर पुरुषाच्या मागें काय उरतें, हें त्याच्या अंत्ययात्रेस लोटलेल्या गर्दीवरून ठरत नाहीं. इजिप्तचे अध्यक्ष गमाल अब्दुल नासर २८ सप्टेंबर १९७० रोजीं, वयाच्या ५२ व्या वर्षीं निवर्तले, तेव्हां कैरो शहरांत लक्षावधि माणसें रस्त्यांवर शोक करीत होतीं. त्या प्रेमाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या लोकांनीं एवढें प्रेम केलें, त्यांच्या हातीं नासर यांनीं काय दिलें व काय दिलें नाहीं, हें पाहिल्यावांचून त्यांच्या वारशाचें मोल कळणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम त्यांनीं दिलेलें पाहूं. टपालखात्यांतील एका कारकुनाच्या ह्या पुत्रानें व त्याच्या लष्करी सोबत्यांनीं जुलै १९५२ मध्यें राजा फारुक यास पदच्युत केलें. त्याच वर्षीं कायदा होऊन जमीनदारास सुमारें २०० एकरांहून अधिक शेती ठेवण्याची बंदी झाली. १९६२ सालीं विश्वविद्यालयाचें शिक्षण निःशुल्क झालें. २६ जुलै १९५६ रोजीं नासर यांनीं सुएझचा कालवा राष्ट्राच्या मालकीचा केल्याचें जाहीर केलें. सप्टेंबरांत कालव्यांतून जहाजें नेणारे बहुतेक परदेशीय वाटाडे काम टाकून गेले. आतां वाहतूक बंद पडणार, असा पुष्कळांचा तर्क होता. पण इजिप्तच्या वाटाड्यांनीं, बाहेरून आलेल्या कांहींच्या साहाय्यानें, ती चालू ठेविली. आपल्यालाहि हें जमतें, हा विश्वास लोकांत जागा करणें ही नासर यांची खरी देणगी होय.

मग ज्यांनीं आपल्या लोकांच्या हातीं कालवा निर्भयपणें सोंपविला, ते राज्याचें सुकाणूं सोंपविण्यास कां कचरले? १९५३ सालीं राजकीय पक्ष बंद झाले. १९५६ सालीं अध्यक्षपदासाठीं लोकांपुढें एकच नांव ठेवण्यांत आलें. १९६० सालीं मोठीं वृत्तपत्रें सरकारच्या अंकित झालीं. मुस्लिम ब्रदरहुडचे अनुयायी आणि साम्यवादी, दोघेहि तुरुंगांत गेले. १९५४ सालीं नासर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या व बाहेरचे शत्रुहि प्रबळ होते, हें त्यांच्या चाहत्यांचें म्हणणें खोटें नव्हे. तथापि दोष दाखविणाऱ्याचें तोंड बंद केलें म्हणजे राज्यकर्त्यासहि सत्य कळेनासें होतें. जून १९६७ च्या युद्धांत पहिल्याच दिवशीं इजिप्तचें बहुतेक विमानदळ नष्ट झालें असतां, कैरोचा रेडिओ विजयाच्या वार्ता देत होता. सिनाई प्रांत हातचा गेला. ९ जून रोजीं नासर यांनीं राजीनामा जाहीर केला, तेव्हां लोकसमुदायानें रस्त्यावर येऊन तो परत घेवविला. कित्येक जण ह्यास त्यांच्या लोकप्रियतेचा कळस मानितात. आम्हांस त्यांत राष्ट्राची असहायताहि दिसते. कारण दुसरा कोणी पुढें येण्यास पंधरा वर्षांत जागाच ठेविली नव्हती.

पुढें अन्वर सादात यांनीं १९७९ सालीं इस्राएलशीं तह केला व नासर यांचें धोरण पुष्कळ बदललें. अध्यक्षपदासाठीं एकच नांव पुढें करण्याची रीत मात्र २००५ पर्यंत टिकली. २०११ सालीं कैरोच्या तहरीर चौकांत होस्नी मुबारक यांच्या तीस वर्षांच्या सत्तेविरुद्ध लोक उठले, तेव्हां कांहींच्या हातीं नासर यांचें चित्र होतें. त्यांचा स्वाभिमान नासर यांचा वारसा होता. आणि ज्या एकछत्री सत्तेशीं ते झगडत होते, तीहि त्याच वारशाचा भाग होती.

आमच्या विद्यार्थ्यांनीं थोर पुरुषांचीं चरित्रें अवश्य वाचावीं, त्यांच्यावर प्रेमहि करावें. मात्र आपल्यावांचून चालण्याची शक्ति त्यांनीं लोकांत निर्माण केली काय, हेंहि विचारावें. पालकांनीं हा प्रश्न विचारणाऱ्या मुलास उद्धट समजूं नये. शिक्षकाची परीक्षा तो वर्गाबाहेर गेल्यावर होते. राष्ट्राच्या पुढाऱ्यास निराळी कसोटी कां असावी?