साक्षीदार विरघळतो म्हणून खोटा?

दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या चुलीत टाकल्या, की तडतडतात आणि आजी म्हणते, “बघ, केवढी लागली होती!” मोहरीचं मोहरी जाणे. मिठाचा खडा तडतडतो तो मात्र पोटातल्या पाण्यामुळे. मिठागरात खडा वाढताना आत कोंडलेलं खारं पाणी तापतं आणि त्याला फोडून बाहेर येतं. जमिनीखालच्या प्राचीन मिठातही असेच थेंब आहेत. त्यांवरून कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं पाणी कसं होतं, हे ठरवता येतं.

यावर नाक मुरडणारे म्हणतात, मिठासारखा कच्चा साक्षीदार नाही. ते पाण्यात विरघळतं, दाबाखाली सरकतं, पुन्हा नव्यानं स्फटिक होतं. मग आतला थेंब मूळचा कशावरून? आक्षेप खोटा नाही, अर्धा आहे. नव्यानं घडलेलं मीठ बहुधा काचेसारखं स्वच्छ असतं. त्यातले थेंब मोठे, विखुरलेले किंवा बुजलेल्या भेगांच्या रेषेत असतात. उथळ पाण्याच्या तळाशी वाढलेल्या दाण्यात मात्र सूक्ष्म थेंबांचे ढगाळ पट्टे आणि स्वच्छ पट्टे एकाआड एक येतात. हवालदाराच्या बाहीवरच्या फितींसारखे, टोक वर केलेले. ही वाढीची खूण आहे. नंतर घुसलेलं पाणी ती घडवू शकत नाही. असे थेंब गोठवून, खडा फोडून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली क्ष-किरणांनी मोजता येतात. अर्थात थेंब म्हणजे समुद्राचं पाणी नव्हे, त्याचा काढा. पाणी आटून सुमारे दहावा हिस्सा उरल्यावरच मीठ धरतं, म्हणून हिशेब उलटा करावा लागतो.

दुसरा पूर्वपक्ष जास्त वजनदार: समुद्राचं पाणी फारसं बदललेलंच नाही, फरक दिसला तर तो त्या-त्या द्रोणीचा, म्हणजे पाणी साठून आटलेल्या त्या खोलगट भागाचा. क्रेटेशस काळातल्या पोटॅशच्या थरांत मॅग्नेशियम सल्फेटचे क्षार नाहीत. का? कुणी म्हणालं जिवाणूंनी सल्फेट खाल्लं, कुणी म्हणालं चुनखडीचं डोलोमाइट होताना ते खर्ची पडलं. दर द्रोणीला वेगळी सबब! आजच्या समुद्रात कणांच्या हिशेबात कॅल्शियमच्या जवळजवळ तिप्पट सल्फेट आहे, म्हणून दोघांचं मिळून जिप्सम तळाशी बसल्यावर सल्फेट उरतं. क्रेटेशसच्या थेंबांत उलट आहे. सल्फेट संपलेलं, कॅल्शियम भरपूर. मॅग्नेशियमचं कॅल्शियमशी प्रमाणही आज अणूंच्या हिशेबात पाचास एक. तेव्हा ते फार कमी होतं. २००१ साली भूवैज्ञानिक लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात अशा थेंबांवरून दाखवलं, की गेल्या सुमारे ५५ कोटी वर्षांत समुद्राच्या घटकांचा हा झोका एकदाच नव्हे, पुन्हा-पुन्हा हलला आहे. समुद्रतळावरच्या पर्वतरांगांच्या कण्यातून फिरणारं गरम पाणी मॅग्नेशियम ठेवून घेतं आणि कॅल्शियम सोडतं. त्याचा जोर वाढला-घटला, की पाणी बदलतं, हा त्यामागचा सर्वांत पटणारा खुलासा.

एकट्या द्रोणीवर मीही विश्वास ठेवणार नाही. नद्यांचं आणि जमिनीखालचं पाणी तिला बिघडवू शकतं. क्रेटेशस मिठाच्या ब्राझीलमधली सर्जीपे आणि आफ्रिकेतली काँगो या द्रोणी तेव्हा शेजारीच होत्या, म्हणून त्यांची साक्ष एकच धरा हवी तर. पण थायलंडचं कोराट पठार जगाच्या दुसऱ्या टोकाला होतं, आणि तिथलं मीठही तेच सांगतं. समुद्र कधी बदललाच नाही म्हणणाऱ्यांनी आधी हा योगायोग समजावून द्यावा.