भाकरी सोडली, वजन उतरलं, पुढं काय?



आधी रानातली नोंद. ओढ्याकडच्या तुकड्यातली मालदांडी निसवायला लागलीय. ओल अजून वीतभर खाली हाताला लागते. भेगा पडायच्या आत शेवटची कोळपणी झाली, ते बरं झालं. वरच्या मुरमाड पट्टीत ताटं कमरेलाही आली नाहीत. तिथं कडबा मिळेल, दाण्याचा भरवसा नाही. काही पानांवर माव्याचा चिकटा दिसला, पण फवारा काढण्याइतका नाही.

आता आजचा विषय. मागच्या आठवड्यात एका बारशाला गेलो होतो. वाढपी भाकरीची बुट्टी घेऊन आला आणि माझ्या ओळीतल्या चार जणांनी ताटावर हात आडवा धरला. शेजारचा तरणा पोरगा म्हणाला, "आण्णा, वाईट वाटून घेऊ नका, पण ज्वारी बंद केलीय. कार्ब असतंय तिच्यात." आणि त्याच पोरानं पंगत उठल्यावर दोन चमचे साखरेचा चहा घेतला. असो.

मी दहावी पास माणूस, डॉक्टर नाही. शिवाय मी ज्वारी विकतो आणि माझा दीड एकर ऊसही आहे. म्हणजे या विषयात माझं पोट अडकलेलं आहे. हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा. इंग्रजीतले अभ्यास मला माझ्या मुलीनं वाचून सांगितले, ती फार्मसी शिकलीय.

हे लिहायचं खरं कारण आमचे दाजी. वय अठ्ठावन्न, आठ वर्षांपासून शुगर, रोज सकाळ-संध्याकाळ गोळी. त्यांनी गेल्या वर्षी मोबाईलवर व्हिडिओ बघून भाकरी, भात, चपाती, फळं सगळं एका दिवसात बंद केलं. अंडी, पनीर, चिकन, काकडी आणि मूठभर शेंगदाणे. महिन्यात पाच किलो उतरले. पँटला दोरी बांधायची वेळ आली. पारावर जो तो विचारायचा, काय करता दाजी? अक्का मात्र म्हणायची, "माणूस चिडचिडा झालाय, आणि पोट साफ होत न्हाई म्हणून रोज बोंबलतंय."

मग एका रात्री उसाला पाण्याची पाळी होती. लाइट बाराला आली. दाजी दोन अंडी आणि काकडी खाऊन, गोळी नेहमीसारखी घेऊन दारं धरायला गेले. तीनच्या सुमाराला भाचा बघायला गेला, तर पाणी मोडून शेजारच्या रानात चाललंय आणि दाजी बांधावर बसलेले. थंडीत अंग घामानं भिजलेलं, हात थरथरतायत, बोलणं भलतंच. भाच्याला वाटलं बाहेरचं काहीतरी झालं. नशिबानं वस्तीवरचा म्हातारा शहाणा निघाला, त्यानं विचारलं, "शुगरची गोळी खातो ना ह्यो? गूळ आण आधी." दाजी शुद्धीवर होते, गिळता येत होतं, म्हणून गुळाचं पाणी देता आलं. (बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जातं. सरळ दवाखाना गाठा.) पंधरा मिनिटांत माणूस ताळ्यावर आला.

डॉक्टरनं सकाळी एकच गोष्ट सांगितली. तुम्ही खाणं कमी केलं, पण गोळी तेवढीच ठेवली. ती गोळी पोटात साखर येणार हे धरून दिलेली असते. साखर आलीच नाही, तरी गोळी आपलं काम करतच राहते. यात पथ्यापेक्षा कुणाला न विचारता केलेला बदल चुकला. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण व्हिडिओत भाकरी बंद करा म्हणून सांगतात, गोळीचं कुणी सांगत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर आणखी जपायचं. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या ज्या नव्या गोळ्या आल्यात, त्या चालू असताना कर्बोदकं एकदम तोडली, तर रक्तात आम्ल वाढून माणूस गंभीर होऊ शकतो, आणि त्या वेळी शुगर तपासली तर फारशी वाढलेली दिसेलच असं नाही. मूत्रपिंडाचा त्रास असलेले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, यांनी तर हे आपल्या मनानं करूच नये.

आता, वजन उतरतं हे खरं का? उतरतं. पण पहिल्या आठवड्यात जे झपाट्यानं उतरतं, ते काय असतं? शरीर थोडी साखर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं, आणि त्या साठ्याच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. कर्बोदकं तोडली की हा साठा संपतो आणि पाणी निघून जातं. आपल्याला हे नवीन नाही. मळणीनंतर लगेच वजन केलेलं पोतं आणि आठ दिवस उन्हात वाळवून वजन केलेलं पोतं एकच असतं का? दाणा तेवढाच असतो, ओल गेलेली असते. दोन दिवस नेहमीसारखं जेवलं की ही ओल परत येते आणि माणूस म्हणतो, "दोन दिवसांत दोन किलो वाढलो!"

चरबी जळते ती त्यानंतर, सावकाश. तेही आपण गोठ्यात बघितलंय. होल्स्टीन गाय व्याली, दूध वीस लिटरवर गेलं आणि तेवढं खाणं पोटात जाईना, की ती अंगावरची चरबी काढायला लागते. कंबरेची हाडं दिसायला लागतात. श्वासाला गोडसर वास येतो, खुराक सोडते, दूध घटतं. डॉक्टर येतो, किटोसिस म्हणतो आणि ग्लुकोजची बाटली लावतो. माणसं आता पैसे देऊन ज्याला 'किटो' म्हणतात, ती क्रिया मुळात हीच. फरक एवढा की गाईचं दूध थांबत नाही म्हणून तिचं प्रमाण हाताबाहेर जातं. निरोगी माणसात ते बेतात राहतं, तो आजार नसतो. म्हणून किटो करणारे सगळे आजारी पडतात असं मी म्हणणार नाही. पण मीठ-पाणी कमी पडलं तर डोकं दुखणं, चक्कर, पायात गोळे हे होतं. उन्हात काम करणाऱ्याला तर लवकर होतं.

बरं, इतर पथ्यांपेक्षा हे सरस आहे का? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठानं ६०९ माणसांचे दोन गट केले. एकाला तेल-तूप कमी, दुसऱ्याला कर्बोदकं कमी. २०१८ मध्ये निकाल आला. वर्षभरानं कमी चरबीवाल्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कर्बोदकवाल्यांचं ६ किलो. एवढा फरक शास्त्रात फरक धरत नाहीत. दोन्ही गटांत काहींचं खूप उतरलं, काहींचं उलट वाढलं. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटली. दोन्ही गटांना साखर आणि मैदा कमी करा, भाज्या वाढवा, घरचं शिजवून खा, हे सांगितलेलं होतं. म्हणजे पंगतीतल्या त्या पोरानं आधी चहा सोडायला हवा होता. दिवसाला सात-आठ कप, कपाला दोन चमचे, करा हिशोब. एका भाकरीपेक्षा जास्त कर्बोदकं नुसत्या चहात जातात, तीही निव्वळ साखर. ऊस लावणारा मीच हे म्हणतोय. आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन "आज उपवास, हलकं खाल्लं" म्हणणाऱ्यांचं तर काय सांगावं! साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. भाकरी त्याच्यापुढं लई शहाणी.

इथवर वाचून ज्वारीवाले खूश झाले असतील. आता आपल्या बाजूचं कडू. २०२३ ला भरडधान्य वर्ष झालं, तेव्हापासून आपण सगळे "ज्वारी खा, शुगर पळवा" असं म्हणतोय. मीही माझ्या पिशवीवर तसं छापायचं ठरवलं होतं. मुलीनं हैदराबादच्या पोषण संस्थेचे आकडे दाखवले. शंभर ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं ६८ ग्रॅमच्या आसपास, गव्हाच्या आट्यात ६४, पांढऱ्या तांदळात ७८. तंतू ज्वारीत १०, आट्यात ११, तांदळात ३ सुद्धा नाही. म्हणजे तांदळापेक्षा आपण बरे, पण अख्ख्या गव्हापुढं छाती काढावी असं काही नाही. आयसीएमआरनं देशभर केलेल्या पाहणीचा आहारावरचा भाग २०२५ मध्ये आला. आपला देश ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून घेतो. आणि त्यातलं एक वाक्य मला झोंबलं: एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवून नुसता तांदूळ-मैदा बदलून गहू किंवा भरडधान्याचं पीठ घेतलं, तर मधुमेहाचा धोका कमी दिसला नाही. कर्बोदकांतला थोडा वाटा डाळी, दूध, अंडी, मासे यांच्या प्रथिनांकडे वळवला, तर कमी दिसला.

पिशवीवरचा मजकूर मी रद्द केला. वाईट वाटलं, पण खोटं छापून दोन पोती जास्त विकण्यात अर्थ नाही.

मग घरी वजनकाटा काढला. आमच्या घरची भाकरी ९० ग्रॅम पिठाची निघाली. एका वेळी तीन, दोन्ही वेळच्या मिळून सहा. म्हणजे ५४० ग्रॅम पीठ, साधारण १८०० कॅलरी नुसत्या भाकरीच्या, कालवण वेगळं. आजोबा एवढंच खायचे, कदाचित जास्त. पण ते दिवस उजाडल्यापासून नांगरामागं चालायचे आणि मोट हाकायचे. मी ट्रॅक्टरवाल्याला फोन करतो, ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवतो आणि बांधापर्यंत गाडीवर जातो. कामं कमी झाली, भाकऱ्या तेवढ्याच राहिल्या. दोष कुणाचा, ज्वारीचा का माझा?

अजून एक. आपल्याकडं नुसतं वजन बघून चालत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि बाळांचा १९९३ पासून अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः वजनानं लहान, पण अंगात चरबी त्या मानानं जास्त, असं दिसलं. हातपाय बारीक आणि पोट पुढं, असे कितीतरी शेतकरी आपल्या गावात आहेत, काट्यावर साठ किलो आणि रिपोर्टमध्ये शुगर. म्हणून टेप लावून कंबर मोजा. भारतीय पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या आणि बाईची ८० च्या आत असावी असं धरतात.

आणि हे पथ्य कुणी कुणाला सांगावं, याचाही विचार करा. माझ्याकडं खुरपायला येणाऱ्या बायांच्या फडक्यात दोन भाकरी, खर्डा आणि कधीतरी पातळ डाळ असते. त्यांच्या ताटातली भाकरी काढली तर खाली काहीच उरत नाही. त्यांना कर्बोदकं कमी करा म्हणणं म्हणजे उपाशी राहा म्हणणं. त्यांच्या ताटात आधी डाळ, अंडं, ताक वाढलं पाहिजे. भाकरी कमी व्हायची तेव्हा आपोआप होईल. पनीर आणि बदामांचं पथ्य हे पगारदाराचं पथ्य आहे.

फार दिवस निभेल का, हाही प्रश्न आहेच. २०१८ मध्येच लॅन्सेटच्या नियतकालिकात पंधरा हजारांवर अमेरिकन माणसांचा अभ्यास आला होता. ऊर्जेपैकी ५० ते ५५ टक्के कर्बोदकांतून घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सगळ्यात कमी होतं, फार कमी घेणाऱ्यांत आणि फार जास्त घेणाऱ्यांत ते वाढलेलं. कर्बोदकांच्या जागी मटण आणलं तर वाईट, डाळी-शेंगदाणे आणले तर चांगलं, असंही दिसलं. अशा पाहणीतून अमुकच कारण असं सिद्ध होत नाही, हे मुलीनं दोनदा बजावलंय. पण माझ्या बुद्धीला ते पटतं.

माझं मत विचाराल तर, शुगरवाल्यानं आणि पोट सुटलेल्यानं कर्बोदकं कमी करावीत. ते चांगलंच आहे, वजन उतरतं, शुगर खाली येते, भूकही आवरते. पण शून्यावर आणू नयेत, आणि गोळी चालू असेल तर डॉक्टरला आधी सांगावं. आपल्या रानात ज्वारीबरोबर करडईचे पाटे असायचे, बांधाला हुलगा, मटकी, अंबाडी. तेव्हा ताटातही तेच असायचं. आता रानात एकच पीक आणि ताटात भाकरीवर भाकरी. मी सहाच्या तीन केल्यात. त्या जागी वाटीभर हुलग्याची नाहीतर मटकीची उसळ, करडईची भाजी, ताक, आठवड्यातून तीन-चार अंडी. पहिले दहा दिवस भूक लागायची, हे खोटं बोलणार नाही. सात महिन्यांत कंबर दोन इंच उतरली, वजन साडेतीन किलो. व्हिडिओ करण्याजोगं नाही.

दाजींची गोळी डॉक्टरनं कमी करून बदलली. ते आता दुपारी एक आणि रात्री एक भाकरी खातात. उतरलेल्या पाचातले चार किलो अजून उतरलेलेच आहेत. अक्का म्हणते, चिडचिड गेली.

आज रात्री त्यांच्याकडं परत पाळी आहे, बाराला लाइट. भाच्याला सांगितलंय सोबत जा म्हणून. खिशात गुळाचा खडा आहे का, ते मी झोपायच्या आधी फोन करून विचारणार आहे. तुमच्याकडं ज्वारी कुठल्या अवस्थेत आहे, मावा किती आहे, तेही कळवा.