टॉलेमीचे कच्चे मडके

धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हटले की गोरोबाकाका आठवतात. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी संतमंडळींच्या डोक्यांवर थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे निघाले, ही कथा घरोघर ठाऊक आहे. पण या गावाचे नाव गोरोबांच्याही हजारावर वर्षे आधी एका परदेशी पंडिताने टिपून ठेवले होते. सातवाहनांच्या काळी तेर म्हणजे तगर, भरभराटीची व्यापारपेठ. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने दुसऱ्या शतकात आपल्या भूगोलाच्या ग्रंथात तिची नोंद केली.

मौज अशी की, याच टॉलेमीने प्रकाशावरही ग्रंथ लिहिला. त्यातला एक प्रयोग आपल्या मुलांना फराळाच्या वाटीतही करता येईल. रिकाम्या वाटीत तळाशी रुपया ठेवा. वाटीच्या काठाआड तो नेमका दिसेनासा होईपर्यंत मागे सरका. आता दुसऱ्याला हळूच पाणी ओतायला सांगा. रुपया जागचा हलत नाही, पण डोळ्यांना दिसू लागतो!

असे का व्हावे? हवेत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो, पाण्यात सुमारे सव्वादोन लाख. वारकऱ्यांची एक लांब रांग खांद्याला खांदा लावून सडकेवरून तिरपी चिखलात शिरली, तर ज्या टोकाचे पाय आधी रुतले ते मागे पडते आणि साऱ्या रांगेची दिशा वळते. प्रकाशाचेही तसेच. चिखलातून सडकेवर येताना ती उलट वळते. रुपयाकडून येणारे किरण असेच पाण्याबाहेर पडताना वळून आपल्या डोळ्यांत शिरतात.

टॉलेमी एवढ्यावर थांबला नाही. अंशांच्या खुणा केलेली तांब्याची तबकडी अर्धी पाण्यात बुडवून त्याने कोन मोजले. हवेतला कोन ६० अंश असता पाण्यातला त्याने साडेचाळीस दिला. आजचे गणितही तेच सांगते! पण ८० अंशांना त्याने ५० दिले. खरे उत्तर साडेसत्तेचाळीसच्या आसपास आहे. त्याच्या कोष्टकात दर दहा अंशांमागची वाढ ८, साडेसात, सात, साडेसहा अशी अर्ध्या-अर्ध्या अंशाने उतरत जाते. निसर्ग असा पाढा म्हणत नाही. मोजलेल्या आकड्यांवर पंडिताने नीटनेटकेपणाचा हात फिरवला असावा, असे अभ्यासक मानतात. थापटणे मारले, आणि मडके तेवढ्या जागी कच्चे वाजले!

खरा नियम कोनांचा नाही, कोनांच्या 'ज्यां'चा आहे. त्यांचे गुणोत्तर कायम राहते. हवा आणि पाणी यांच्यासाठी ते सुमारे १.३३, काचेसाठी दीडच्या आसपास. बगदादच्या इब्न सहलला तो ९८४ च्या सुमारास गवसला, हॉलंडच्या स्नेलला १६२१ साली.

वाचकहो, हा सारा खटाटोप केवळ पंडितांचा नव्हे. दिवाळीच्या सुटीत मुले आजोळी जातात, विहिरीत नाही तर नदीत डोकावतात. वरून सरळ पाहिले तर ४ फूट पाणी ३ फूटच भासते. तिरपे पाहिले तर त्याहूनही उथळ. कमरेएवढे वाटलेले पाणी लहानग्याच्या गळ्याशी येते. तेव्हा डोळ्यांवर विसंबू नका. आधी काठीने ठाव घ्या, मगच मुलांना पाण्यात उतरू द्या.