मदत कीं तगाई ?

महसूल खात्याच्या जुन्या दप्तरांत तगाई, तहकुबी व सूट या तीन बाबी निरनिराळ्या रकान्यांत मांडण्याचा प्रघात होता, आणि तो फार शहाणपणाचा होता. तगाई म्हणजे बैल, बियाणें अथवा विहीर यांसाठीं दिलेलें व सव्याज वसूल व्हावयाचें कर्ज. तहकुबी म्हणजे साऱ्याची वसुली पुढें ढकलणें. सूट म्हणजे सारा कायमचा सोडून देणें. तगाईची रक्कम ‘सूट’ या रकान्यांत लिहिणाऱ्या कारकुनाचा खुलासा दुसऱ्याच दिवशीं मागविला गेला असता. परंतु हवामानबदलाच्या निवारणार्थ श्रीमंत राष्ट्रें गरीब राष्ट्रांस जें द्रव्य देतात, त्याच्या हिशेबांत हाच प्रकार राजरोस चालू आहे, व तेथें खुलासा मागणारा मामलेदार कोणी नाहीं.

२००९ सालीं कोपनहेगनच्या परिषदेंत या राष्ट्रांनीं २०२० पर्यंत दरसाल १०० अब्ज डॉलर उभे करण्याचें वचन दिलें. ओईसीडी या त्यांच्याच संस्थेच्या हिशेबाप्रमाणें तो आंकडा प्रथम २०२२ सालीं गांठला गेला. त्या वर्षीं ११५.९ अब्ज डॉलर भरले. दोन वर्षांचा उशीर एक वेळ सोडून देऊं. पण त्यांपैकीं सरकारें व जागतिक बँकेसारख्या संस्था यांनीं दिलेल्या भागांत शेंकडा ६९ कर्ज होतें, आणि अनुदान अवघें शेंकडा २८ ! कर्जाची सगळी मुद्दल ‘दिली’ म्हणून धरावयाची. पुढें परत येणारे हप्ते व व्याज मात्र वजा करावयाचें नाहीं, अशी ही रीत आहे.

कर्ज सर्वस्वीं वाईट, असें माझें म्हणणें नाहीं. विदर्भ-मराठवाड्यांत २०१८ सालीं सुरू झालेला ‘पोकरा’ अर्थात् नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्प जागतिक बँकेच्या ४२ कोटि डॉलर कर्जावरच उभा राहिला. शेततळें किंवा ठिबक यांपासून उत्पन्न वाढतें, त्यांतून हप्ता निघूं शकतो. परंतु पुरांत वाहून गेलेल्या घराचें उत्पन्न तें कोणतें ? २०२२ सालीं पाकिस्तानांत महापूर आला. सिंध प्रांतांतील कापूस व भात पाण्याखालीं गेला, गुरें मेलीं, आणि देशाची एकंदर हानि ३० अब्ज डॉलरांहून अधिक ठरली. जगांतून जे उष्णतावर्धक वायु हवेंत सुटतात, त्यांत त्या देशाचा वांटा शेंकडा एकाहूनही कमी आहे. जानेवारी २०२३ मध्यें जिनिव्हा येथें त्यास ९ अब्जांहून अधिक डॉलरांचीं अभिवचनें मिळालीं, तीं बहुतांशीं कर्जाचींच ! त्या राष्ट्राशीं आपलें सख्य नाहीं हें खरें. तरी दुसऱ्याच्या धुरानें बुडालेल्यानें घर पुन्हा बांधावें व त्याच्याच सावकारींतही अडकावें, हा कोणता न्याय?

२०२४ सालीं बाकू येथील परिषदेंत २०३५ पर्यंत दरसाल ३०० अब्ज डॉलरांचा नवा ठराव झाला. आपल्या प्रतिनिधीनें ही रक्कम अपुरी म्हणून तेथेंच हरकत घेतली, तें योग्यच झालें. परंतु या ठरावांत खाजगी भांडवलासह सर्व मार्गांनीं येणारा पैसा धरला आहे, आणि अनुदान किती व कर्ज किती हें बांधून दिलेलें नाहीं. माझ्या मतें रकमेहून रकान्यांचें भांडण अधिक निकडीचें आहे.

इकडे मूळ थैलीही आटत चालली आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा ०.७ इतकें परदेशी साहाय्य देण्याचा कायदा ब्रिटनने २०१५ सालीं केला. तें प्रमाण २०२१ सालीं ०.५ वर आलें, व २०२७ पर्यंत ०.३ वर आणण्याचें तेथील सरकारनें जाहीर केलें आहे. अमेरिकेनें आपलें यूएसएड हें खातें २०२५ च्या जुलैंत गुंडाळलें. त्यांच्या करदात्यांसही संसार आहेत, हें मी नाकारीत नाहीं. देणें झेपत नसेल तर त्यांनीं थोडें द्यावें; पण जें दिलें तेंच ‘दिलें’ म्हणून लिहावें.

हा नियम आपल्या दारींही लागू केला पाहिजे. आपलें सरकार आफ्रिकेंतील व शेजारच्या राष्ट्रांस एक्झिम बँकेमार्फत विकासाचें साहाय्य म्हणून कर्ज देत असतें. तेंही तगाईच्याच रकान्यांत मांडलें जावें.