गाडीतला गॅस जातो कुठे?

एप्रिल अर्धा सरला की भिलाईत दुपारी घराबाहेर पडणे नको होते. नेमक्या त्याच सुमारास मुलांना सुट्ट्या लागतात आणि नागपूरकडच्या आजोळी जाण्याचे बेत ठरतात. गाडी काढावी, तर ए.सी. गार हवेऐवजी नुसता वारा देतो. गॅरेजवाला सांगतो, "गॅस संपलाय, भरून देतो." पैसे दिले, महिना-दीड महिना बरा गेला, की पुन्हा तेच रडगाणे.

ए.सी.चा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून पुन्हा पुन्हा फिरत राहतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे किंचित झिरपतो हे खरे. पण एका हंगामात तो उडून जात असेल, तर गळती आहेच. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. त्यातून गॅसबरोबर कंप्रेसरचे तेलही बाहेर पडते. तेल कमी झाले की कंप्रेसर घासला जातो, आणि त्याचा खर्च गॅसच्या कितीतरी पट असतो.

हे तेलच गळतीचा माग दाखवते. त्याला धूळ चिकटते; म्हणून बॉनेट उघडून सांध्यांवर कुठे तेलकट काळा डाग दिसतो का, ते पाहावे. रेडिएटरच्या पुढची जाळी, म्हणजे कंडेन्सर, आधी तपासावी. राजनांदगाव, भंडारामार्गे नागपूरला जाताना ट्रकच्या चाकाखालून उडालेला एक खडाही तिला पुरतो. गॅस भरायच्या तोंडातील छोटे व्हॉल्व्ह आणि सांध्यांतील रबरी रिंगा या जागाही नेहमीच्याच. गाडीखाली पडणारे स्वच्छ पाणी पाहून मात्र घाबरू नका. ते हवेतले बाष्प आहे, गळती नव्हे.

साबणाच्या फेसाने मोठी गळती सापडते, बारीक निसटते. म्हणून चांगला कारागीर आधी नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरतो आणि गेजचा काटा उतरतो का, ते पाहतो. दुसरा मार्ग रंगाचा. तेलात विशिष्ट रंग मिसळून गाडी काही दिवस चालवायची आणि मग अतिनील दिव्याखाली पाहायचे. गळतीची जागा हिरवट-पिवळी चमकते. वास घेतल्यागत गॅस हुंगणारे यंत्रही मिळते. गॅस हवेपेक्षा जड असल्याने ते सांध्याच्या खालच्या बाजूने फिरवावे लागते. सगळ्यांत त्रासदायक गळती डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलची. तिच्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तेव्हा पक्की खात्री झाल्याशिवाय त्याला होकार देऊ नये. कधी कधी दोष गॅसचा नसतोच, पंखा बंद असतो किंवा हवेची जाळी कचऱ्याने भरलेली असते.

प्रश्न केवळ आपल्या खिशाचा नाही. पूर्वी गाड्यांत आर-१२ हा गॅस असे. तो ओझोनचा थर पोखरतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू बाद झाला आणि त्याच्या जागी आर-१३४ए आला. हा ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात तोही कमी नाही. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट प्रभावी मानला जातो. म्हणजे एका गाडीतला अर्धा किलो गॅस उडाला, की जवळजवळ ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे झाले.

गॅरेजमध्ये जाताना बॉनेटखालची चिठ्ठी वाचून ठेवा. कोणता गॅस आणि किती ग्रॅम, हे तिच्यावर छापलेले असते. तेवढाच वजन करून भरून घ्या. स्वस्त पडतो म्हणून कुणी स्वयंपाकाच्या गॅससारखा ज्वालाग्राही गॅस सुचवला, तर सरळ गाडी परत आणा. गळती बुजवणारे तयार रसायनही शक्यतो टाळावे. ते आतल्या बारीक वाटाच बंद करू शकते.

आणि हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे ए.सी. चालवत जा. तेल फिरत राहिले, की कंप्रेसरचे रबरी सील कोरडे पडत नाही.